कागदावर नसलेली माणसे

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली श्रीलंकेत कँडी येथे, १९५४ साली ब्रह्मदेशात रंगून येथे आणि महापरिनिर्वाणाच्या थोडे दिवस आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदांना गेले होते. तेव्हापासून या शेजारी देशांविषयी आपल्या समाजाच्या मनात आपुलकी आहे. स्मरणिकांतून तेथील विहार, स्तूप, बोधिवृक्ष यांची वर्णने नेहमी येतात; ती यावीतच. परंतु त्याच देशांत संख्येने कमी असलेल्या लोकांना कसे वागविले जाते, याचा अभ्यास आपण फारसा करीत नाही. विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी तो येथे करावयाचा आहे.

सुरुवात आपल्या धम्मबांधवांपासून करू. बांगलादेशाच्या आग्नेयेला चितगाव डोंगरी प्रदेश आहे. तेथे चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो इत्यादी जमाती पिढ्यान् पिढ्या राहत आल्या. त्यांपैकी चकमा आणि मारमा हे मुख्यतः बौद्ध. इंग्रजांनी १९०० साली या प्रदेशासाठी वेगळे नियम केले आणि बाहेरच्यांनी तेथे येऊन वसण्यावर निर्बंध घातले. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा येथील जवळजवळ सर्व लोकसंख्या मुसलमानेतर होती, तरीही हा प्रदेश पाकिस्तानला देण्यात आला.

पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण बांधले. १९६२ साली ते पुरे झाले. सुमारे ५४ हजार एकर सुपीक जमीन, म्हणजे जिल्ह्यातील लागवडीच्या जमिनीपैकी जवळजवळ चाळीस टक्के, पाण्याखाली गेली. जुने रांगामाटी गाव बुडाले, चकमा राजाचा वाडा बुडाला, सुमारे एक लाख माणसे उठली. डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्यांच्या नावावर जमीन नव्हती. त्यामुळे भरपाईच्या हिशेबात ते धरलेच गेले नाहीत. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्रात निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे एवढेच की, वीज एका लोकांची आणि बुडालेली शेते दुसऱ्या लोकांची होती.

बांगलादेश स्वतंत्र झाला तो भाषेच्या अभिमानातून. त्याच देशाच्या घटनासभेत १९७२ साली सर्व नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील असे ठरले, तेव्हा मानवेंद्र नारायण लारमा या चकमा सभासदाने उभे राहून विरोध केला. आम्ही बांगलादेशाचे नागरिक आहोत, पण बंगाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही. १९७९ पासून सरकारने मैदानी भागातील लाखो भूमिहीन बंगाली कुटुंबीयांना डोंगरात आणून वसविले. (हे लोकही गरीबच होते, हे लक्षात ठेवावे.) लष्कर आले, डोंगरी लोकांच्या बाजूने शांतिवाहिनी ही सशस्त्र संघटना लढू लागली. गावे जळाली. शांतिवाहिनीनेही वसाहतवाल्यांना मारले. १९८६ नंतर पन्नास हजारांवर लोक त्रिपुरातील छावण्यांत आले. १० एप्रिल १९९२ रोजी लोगांग येथे मोठे हत्याकांड झाले. २ डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला आणि निर्वासित परतले. मात्र गेलेली जमीन परत मिळण्याचा मुख्य प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये खागडाछडी व रांगामाटीत पुन्हा घरे-दुकाने जळाली.

येथपर्यंत वाचताना आपल्याला राग येतो, आणि यावा. आता तेच माप हातात ठेवून जेथे बौद्ध बहुसंख्य आहेत तेथे जाऊ. अभ्यासाची खरी कसोटी तेथे आहे.

श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणारे तमिळ मजूर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातून नेले. प्रथम कॉफीसाठी, नंतर चहासाठी. १९४८ साली स्वातंत्र्य मिळताच तेथील संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. सिलोनमध्ये जन्मलेल्यानेही आपला बाप, नाहीतर आजा आणि पणजा, सिलोनमध्येच जन्मल्याचे सिद्ध करावे, अशी अट होती. मळ्यावरच्या बराकीत जन्मलेल्या मजुराच्या बापाचा जन्मदाखला कोठून येणार? सुमारे सात लाख लोक एका कायद्याने परके झाले. पाठोपाठ मतदानाचा हक्कही गेला.

यात आपला देशही दोषमुक्त नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये शास्त्रीजी व सिरिमाओ बंदरनायके यांचा करार झाला. एकूण माणसे ९,७५,०००. त्यांतील ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० सिलोनने ठेवायची. उरलेली १,५०,००० पुढे १९७४ साली निम्मी-निम्मी वाटून घेतली. बँकेत ताळेबंद जुळवावा तशी ही वाटणी. माणसांना कोणी विचारले नाही. राहिलेल्यांना अखेर २००३ सालच्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. मधे पंचावन्न वर्षे गेली.

भूतानमध्ये तर सारा प्रकार एका पावतीवर आला. दक्षिण भूतानात नेपाळी बोलणारे शेतकरी आहेत, त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, बहुतेक हिंदू. १९८५ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी १९५८ हे वर्ष आधाराला धरले. १९८८ साली शिरगणती सुरू झाली तेव्हा अधिकारी १९५८ सालची जमीनसाऱ्याची पावती मागू लागले. आदल्या किंवा पुढच्या सालची पावती चालत नसे, असे निर्वासितांनी सांगितले आहे. आमचे अर्धे आयुष्य काउंटरवर पावत्या आणि व्हाउचरे तपासण्यात गेले. तीस वर्षांपूर्वीची, तीही नेमक्या एका सालची पावती खातेदाराकडे मागितली तर तो तेथेच भांडण काढील, आणि ते रास्तच ठरेल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या पेटीत तीस वर्षांपूर्वीची एखादी पावती सापडते का ते पाहावे. भूतानच्या शेतकऱ्याला ती सापडली नाही तर देश सोडावा लागत होता. १९८९ साली सर्वांना राष्ट्रीय पोशाखाची सक्ती झाली, शाळांतून नेपाळी भाषा काढली गेली. सुमारे एक लाख लोक नेपाळच्या झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत जाऊन राहिले. भूतानने त्यांना परत घेतले नाही. २००७ नंतर बहुतेकांना अमेरिकेत व इतर देशांत वसविण्यात आले.

ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, हेच अधिक भयंकर रूपात घडले. १९८२ च्या कायद्याने १८२३ पूर्वीपासून तेथे असलेल्या वंशांचे लोक तेवढे मूळचे नागरिक ठरले. सरकारी यादीत १३५ जमाती आल्या, अराकानमधील मुसलमान रोहिंग्या आले नाहीत. १९७८ साली दोन लाखांवर रोहिंग्या पळाले, १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख. २५ ऑगस्ट २०१७ रोजी रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यावर लष्कराने गावेच्या गावे पेटविली आणि सात लाखांवर माणसे बांगलादेशात आली. विराथू नावाचे भिक्षू मुसलमानांविरुद्ध प्रवचने देत फिरत होते. २०१७ साली तेथील संघाच्या वरिष्ठ समितीने त्यांना वर्षभर प्रवचनबंदी केली, ही गोष्टही नोंदली पाहिजे. वसल सुत्तात तथागतांनी जन्मावरून माणसाची किंमत करणे नाकारले. तथागतांना मानणाऱ्या देशांत आजा-पणजाच्या जन्मावर माणसाचा देश ठरावा, याचे आम्हांला फार दुःख होते.

बांगलादेशाच्या नकाशावर कॉक्सबझार जिल्हा शोधावा. तेथे रामू येथे २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री जमावाने बौद्ध विहार जाळले. त्याच जिल्ह्यात कुटुपालाँग येथे बौद्धबहुल देशातून हाकललेल्या मुसलमानांची अवाढव्य छावणी आहे. एका जिल्ह्यात दोन्ही. रामूबद्दल निषेधाचा ठराव करणाऱ्या संस्थेने कुटुपालाँगबद्दल गप्प बसणे आम्हांला पटत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासभेत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची बाजू मांडताना, त्यांच्याविरुद्ध भेदभाव न करण्याचे कर्तव्य बहुसंख्याकांचे आहे असे बजावले होते. त्या भाषणात त्यांनी बहुसंख्याकांना धर्मावरून सूट दिलेली नाही.

काप्ताई धरणाने उठलेल्या चकमांपैकी बरेच जण भारतात आले. १९६४ पासून त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले. त्यांना हाकलण्याच्या धमक्या येऊ लागल्या तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आणि नागरिकत्वाचे अर्ज केंद्राकडे पाठविण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. अर्ज पुढे सरकले नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला : तीन महिन्यांत निर्णय करा. ते तीन महिने केव्हाच उलटले. आपल्याच देशातील हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.