चुंबक आणि स्मरणशक्ति

परीक्षा जवळ येतांच पाठांतर टिकेनासें होतें, हा आम्हां धामणगांवच्या विद्यार्थ्यांचा नेहमींचा अनुभव. चुंबक यावर उपाय ठरेल काय?

बदलत्या चुंबकक्षेत्रानें तारेंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें फॅरेडेनें १८३१ सालीं दाखविलें. याच तत्त्वावर १९८५ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डोक्यावर तारेचें वेटोळें धरून, कवटी न उघडतां मेंदू चेतविला. तोंच हाताचे स्नायू हलले. २०१४ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत १६ निरोगी प्रौढांवर पांच दिवस असा प्रयोग झाला व चेहरे आणि शब्द यांच्या जोड्या त्यांस अधिक आठवूं लागल्या. मात्र वेटोळ्याची जागा वा स्पंदनांची लय बदलल्यास विचारांत तात्पुरता व्यत्ययही येऊं शकतो.

आणि त्या जोड्या त्यांसही आधीं शिकाव्याच लागल्या! तेव्हां मित्रहो, अभ्यास कोणासही चुकत नाहीं.