शिकाऊ हातात गाडी आणि पुढे सीमा

दम्माम, जुबैल, रियाधकडच्या मराठी घरांत मूल अकरावी-बारावीला आलं की एक प्रश्न हमखास निघतो. सतरा पूर्ण झाली, आता परवाना मिळेल. मग पुढच्या शुक्रवारी बहरीनला जाताना गाडी मी चालवू का? आणि सुटीत कोल्हापूरला गेल्यावर तिथून गोव्याला?

थोडक्यात उत्तर असं. सौदीच्या आत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गाडी नेता येते. किंग फहद पुलापलीकडे बहरीनमध्ये, अठरा पूर्ण होऊन पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत स्टिअरिंग आईबाबांकडेच ठेवायचं. भारतात अठराच्या आत मोटार मुळीच चालवायची नाही. अठरानंतर मात्र लर्निंग लायसन्स देशभर चालतं, अटी पाळल्या तर.

सीमेवर तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या जातात: चालक कोण, गाडी कोणाची आणि प्रवाशाला बाहेर जाऊन परत यायची परवानगी आहे का. यातली एक जरी अपुरी असली तरी बाकीच्या दोन कामाला येत नाहीत. म्हणून तयारीही त्याच तीन भागांत करायची.

हाताशी काय काय हवं

- मुलाचा किंवा मुलीचा चालू इकामा (निवास परवाना) आणि पासपोर्ट
- घरातल्या कर्त्याचं अबशीर (सरकारी ऑनलाइन सेवा) खातं
- डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल आणि रक्तगटाची नोंद
- गाडीचा इस्तिमारा (नोंदणीपत्र) आणि विम्याची पूर्ण पॉलिसी, फक्त पावती नव्हे
- आईबाबांचं सौदी लायसन्स, आणि गावी जाणार असाल तर भारतीय लायसन्सही

पायरी १ : वयाचा हिशेब आधी मांडा

सौदी वाहतूक कायद्यात खासगी गाडीच्या लायसन्सचं वय १८ आहे. १७ पूर्ण झालेल्यांना तात्पुरता परवाना मिळतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. २४ जून २०१८ पासून सौदीत स्त्रिया गाडी चालवू लागल्या. मुलींनाही आता १७व्या वर्षी या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे हा हिशेब मुलगा-मुलगी दोघांसाठी सारखाच.

कॅलेंडरवर तीन तारखा लिहा: सतरावा वाढदिवस, बारावीची बोर्डाची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस. आपली बहुतेक मुलं बारावीनंतर कॉलेजसाठी भारतात जातात. परीक्षा संपते आणि प्रवेशाची धावपळ सुरू होते, नेमका त्याच सुमारास अठरावा वाढदिवस येतो. परवान्याची मुदत तेव्हा संपते, मूल पुण्यात असतं आणि पक्कं लायसन्स राहून जातं. अठरावा वाढदिवस कॉलेज सुरू झाल्यावर येत असेल, तर पहिल्या सुटीतले काही दिवस मुरूरच्या, म्हणजे वाहतूक खात्याच्या, कामासाठी आजच राखून ठेवा.

पायरी २ : परवाना शाळेतूनच काढा

आपल्याकडे वडील शेजारी बसून मोकळ्या मैदानात गाडी शिकवतात. सौदीत तसं करू नका. तिथे शिकण्याची जागा म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. दल्ला हे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी असतंच. आता शहरागणिक इतरही केंद्रं आहेत.

क्रम असा ठेवा. आधी मान्यताप्राप्त दवाखान्यात डोळ्यांची तपासणी करून घ्या. मग अबशीरवरून शाळेची वेळ घ्या. पहिल्या दिवशी पातळी ठरवणारी चाचणी होते आणि त्यावरून किती तास शिकायचं ते ठरतं. त्यानंतर वाहतुकीच्या चिन्हांची संगणकावरची परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष चाचणी. नावावर दंड थकलेला असेल तर तो आधी भरा.

पार्किंगची तयारी घरच्या अंगणातल्या सवयीवर सोडू नका. मागे घेत गाडी दोन खांबांमध्ये लावणं, चढावर थांबून पुन्हा निघणं आणि दवारमध्ये, म्हणजे चौकातल्या गोल चक्करमध्ये, आत असलेल्या गाडीला आधी जाऊ देणं, या तिन्ही गोष्टी शाळेच्या आवारातच पक्क्या करून घ्या.

पायरी ३ : देशातला लांबचा रस्ता

सौदीत १३ प्रांत आहेत, पण वाहतुकीचा कायदा सगळ्यांना एकच आणि परवाना देणारं मुरूर खातंही एकच. दम्मामला काढलेल्या कागदासाठी रियाधला वेगळी नोंद लागत नाही. एक सीमा मात्र देशाच्या आतही आहे. जेद्दाहून ताइफकडे जाताना मक्केच्या पवित्र क्षेत्राची हद्द लागते. मुसलमान नसलेल्यांनी त्याआधीच बाहेरून जाणारा रस्ता धरायचा असतो. पाट्या मोठ्या असतात, पण वेगात नवख्याचं वळण सुटू शकतं. तो टप्पा मोठ्यांनीच चालवावा.

दम्माम–रियाध हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. २०१८ मध्ये या महामार्गाची वेगमर्यादा ताशी १४० किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आली. रस्ता सरळ, रुंद आणि एकसुरी, त्यामुळे शिकाऊ चालकाला तो सोपा वाटतो. तिथला धोका वेगळा आहे. दुपारच्या उन्हात जुना टायर फुटतो, रस्त्यावर वाळू येऊन पडते, रात्री कुंपण नसलेल्या भागात उंट आडवा येतो. त्यात सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिला लांब पल्ला असा आखा:

- शुक्रवारी सकाळी लवकर निघा. शहरातले रस्ते तेव्हा मोकळे असतात.
- निघण्याआधी चारही टायरची हवा गार असताना पाहा. टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही वाचा: २३२१ लिहिलं असेल तर २०२१चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर उन्हाने वाळलेलं असू शकतं.
- पहिला तासभर मुलाला चालवू द्या आणि पंपावर थांबून बदली करा. वेग १०० ते ११० ठेवा आणि डावी लेन सोडून द्या.
- सूर्य मावळल्यावर स्टिअरिंग मोठ्यांकडे.

पायरी ४ : गाडीचे कागद

परवाना माणसाचा असतो. गाडीला तिचा स्वतःचा हिशेब असतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते सोबत असतील तर प्रश्न नाही. पण मालक सोबत नसेल तर अबशीरवरून चालकाच्या नावाने तफवीद, म्हणजे गाडी चालवण्याचं अधिकारपत्र, करावी लागते. गाडी बँकेच्या लीजवर असेल तर कागदोपत्री मालक बँक असते. अशी गाडी देशाबाहेर न्यायला बँकेची परवानगी आधी घ्यावी लागते आणि ती पुलाच्या रांगेत उभं राहून मिळत नाही.

विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. दोन कलमं शोधा: चालकाच्या वयाची अट आणि पॉलिसी कुठल्या देशांत लागू आहे ते. कमी वयाचा चालक असेल तर अपघाताच्या खर्चातला मोठा हिस्सा आपल्यावर येऊ शकतो. काही शंका राहिली तर कंपनीला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

पायरी ५ : किंग फहद पूल

खोबरहून बहरीनला जोडणारा हा पूल २५ किलोमीटरचा आहे आणि १९८६ मध्ये खुला झाला. मध्यावर कृत्रिम बेट आहे. पासपोर्ट आणि कस्टमची खिडकी तिथेच. इकाम्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी मुलालाही, बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो. घरातला कर्ता तो अबशीरवरून काढतो. एका फेरीचा दोन महिन्यांचा व्हिसा २०० रियालचा, अनेक फेऱ्यांचा तीन महिन्यांचा ५०० रियालचा, दोन्ही माणशी. सुटीत दोन-तीनदा जायचं असेल तर दुसरा सोयीचा पडतो. बहरीनचा ई-व्हिसा घरूनच काढून ठेवा.

बहरीनमध्ये खासगी गाडीच्या लायसन्सचं वय १८ आहे. म्हणून १७व्या वर्षीचा सौदी परवाना तिथे वापरू नका. चालक बदलायचा तो खोबरमध्येच, पुलावर चढण्याआधी. पुलावर गाडी बाजूला घेऊन जागा बदलणं धोक्याचं आहे, आणि खिडकीपाशी कागद एकाच्या नावाचे नि चाकामागे दुसराच, असं व्हायला नको.

खिडकीपाशी द्यायचे कागद एका पारदर्शक पाकिटात लावून ठेवा: वर चालकाचा पासपोर्ट आणि इकामा, त्याखाली बाकीच्यांचे, मग इस्तिमारा, तफवीद असेल तर ती आणि शेवटी विमा. पॉलिसी बहरीनला लागू नसेल तर जादा विमा ऑनलाइन किंवा पुलावर घेता येतो. गुरुवारी संध्याकाळी रांग लांबते. नवख्या चालकाच्या घरच्यांनी शनिवारी सकाळी जाणं बरं.

पायरी ६ : अठरा पूर्ण झाल्यावर

वाढदिवसानंतर लगेच पक्क्या लायसन्सचा अर्ज करा. खासगी लायसन्सची फी वर्षाला ४० रियाल. पक्कं सौदी लायसन्स असेल तर आखाती देशांमध्ये पाहुणा म्हणून गाडी चालवता येते, आणि मग तफवीद, विमा आणि व्हिसा जुळवून मूल स्वतः बहरीनला गाडी नेऊ शकतं. पहिल्या खेपेला तरी शेजारी मोठं माणूस असू द्या.

पायरी ७ : सुटीत महाराष्ट्रात

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. सौदीचा परवाना घेऊन आलेलं सतरा वर्षांचं मूल भारतात मोटार चालवू शकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे वय १८ हवं. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी चालवता येते. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ क पाहा, म्हणजे परदेशातल्या सवयीने किल्ली देणाऱ्या काका-मामांनाही धोका कळेल. अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

अठरा पूर्ण असतील तर सारथी पोर्टलवर लर्निंग लायसन्सचा अर्ज करा. आधार असेल तर महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. २०२१ पासून ही सोय आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मुलाला आल्याबरोबर आधारसाठी अर्ज करता येतो, म्हणून विमानतळावरून घरी आलात की पहिलं काम तेच करा. लर्निंगची मुदत सहा महिने, आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर.

पायरी ८ : लर्निंगवर राज्याची सीमा ओलांडताना

कायद्याचं कलम १३ स्पष्ट आहे: या कायद्याखाली दिलेलं लर्निंग लायसन्सही सबंध भारतात लागू असतं. कोल्हापूरहून निपाणीमार्गे बेळगावला जा किंवा सावंतवाडी-बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून गोव्यात जा, राज्य बदललं म्हणून ते रद्द होत नाही. अटीही सोबतच जातात:

- शेजारी चालू लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि ती गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. मागच्या सीटवर झोपलेले बाबा चालत नाहीत.
- पुढे आणि मागे लाल ‘एल’ हवं: १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पट्टीवर, १० सेंटिमीटर उंचीचं. वहीच्या कागदावर पेनाने काढलेलं अक्षर नको.
- विम्याची साधारण अटही हेच सांगते: लर्निंगवाल्याने नियम ३ (वरच्या दोन अटी त्यातल्याच) पाळला असेल तरच तो वैध चालक.

यात आखाती घरांना अडकवणारी बाब म्हणजे बाबांचं स्वतःचं लायसन्स. वर्षानुवर्षं सौदीत राहून भारतीय लायसन्सची मुदत कधीच संपलेली असते आणि सौदी कार्ड दाखवून या नियमातला शिकवणारा होता येत नाही. निघण्याआधी त्यावरची तारीख पाहा. संपली असेल तर आधी ते नवं करून घ्या किंवा शेजारी मामाला बसवा.

रस्ताही वेगळा आहे. सौदीत गाड्या उजवीकडून, इथे डावीकडून. तिथल्या शाळांची मोठी सुटी आपल्या पावसाळ्यात पडते आणि आखातात वाढलेल्या मुलाने ओल्या रस्त्यावर ब्रेक क्वचितच लावलेला असतो. आंबोली घाटात धुकं, निसरडा उतार आणि समोरून येणारी एसटी, हे पहिल्या महिन्यातलं काम नव्हे. मुलाला सपाटीवर चालवू द्या आणि घाट लागण्याआधी गाडी स्वतःकडे घ्या.

कधी सरळ नाही म्हणायचं

कागद पूर्ण असले तरी चार वेळी नाहीच म्हणा: मूल रात्रभर जागलेलं असताना, गाडीत मित्रांचा घोळका असताना, धुळीचं वादळ किंवा मुसळधार पाऊस असताना, आणि शेजारी बसणाऱ्यालाच झोप येत असताना. परवाना शिकायची मुभा देतो. आज या रस्त्यावर शिकायचं की नाही, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं असतं. ते आधीच, घरी बसून, मुलाशी बोलून ठरवा आणि एका कागदावर लिहा: कुठून कुठपर्यंत तू, कुठून पुढे मी. मग रस्त्यात वाद होत नाही आणि शिकणंही थांबत नाही.