अनुदान रोप लावण्याचे की रोप जगविण्याचे?

सरकारी अनुदान म्हणजे रोप लावल्याबद्दल मिळणारे बक्षीस होय, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे आजच्या पाठात पाहू.

१. अनुदान कशासाठी?
पालघर जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उताराच्या वरकस जमिनीवर नागली-वरी काढून झाली की जमीन उघडी राहते, आणि पुढील पावसाळ्यात मातीचा वरचा थर ओढ्याला मिळतो. हा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात; तो जाण्यास थोडे पावसाळे पुरतात. झाडांची मुळे त्यास धरून ठेवतात. म्हणून मालकाच्या शेतातील झाडाशी साऱ्या गावाचे हित निगडित आहे.

अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षे पिकाखालून काढून गवत वा झाडांखाली ठेवणाऱ्या मालकास सरकार वार्षिक भाडे देऊ लागले. आपल्याकडील दोन-तीन एकरांच्या धन्यास जमीन स्वस्थ ठेवणे कसे परवडेल? यास्तव महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमीशी फळबाग जोडली. त्या मार्गाने लाभ न मिळणाऱ्यांसाठी २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना काढली.

२. हप्त्यांचा अर्थ
२०१८ च्या योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागले आहे. पहिल्या वर्षी निदान ८० टक्के व दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. आंब्याची १०० कलमे लावली आणि वैशाखात ३० वाळली, तर ७० उरतात. म्हणजे दहा कलमे तरी स्वखर्चाने पुन्हा लावणे आले. कुंपण आणि आंतरमशागत ही शेतकऱ्यानेच करावयाची. तात्पर्य, निम्मा पैसा लावणीनंतरच्या राखणीवर अवलंबून आहे.

३. नाव कोणाचे, श्रम कोणाचे?
बोईसर येथील तारापूर औद्योगिक वसाहतीत आसपासच्या गावांतील तरुण कामास जातात. मग उन्हाळ्यात हंड्याने पाणी कोण घालतो? बहुधा घरातील स्त्री, किंवा जमीन कसणारे कूळ. पैसा मात्र सातबारावर ज्याचे नाव त्याच्या बँकखात्यात जातो. सातबारावर कुळाची नोंद असल्यास त्याची संमती आवश्यक, असा नियम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळालेलाही पात्र आहे. परंतु तोंडी बोलीवर कसणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. त्याच्या पाण्याने झाड जगते, आणि हप्ता दुसऱ्यास मिळतो. हा दोष कायद्याने सुधारेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. खड्डे खणण्यापूर्वीच धनी व कसणारा यांनी पाणी, राखण आणि हप्ता यांतील वाटा चार जणांसमक्ष ठरवून लिहून ठेवावा.

अर्ज करण्यापूर्वी चालू नियम तालुका कृषी कार्यालयातून समजून घ्यावेत.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या शेतातील मातीचा वरचा थर कोणत्या ओढ्यास मिळतो?
२. फाल्गुन ते ज्येष्ठ आपल्या कलमांस पाणी कोण घालील?
३. जो पाणी घालील त्यास अनुदानातून काय मिळेल?