पेटी घेण्यापूर्वी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रार्थनेच्या जुन्या पेटीचा मधल्या सप्तकातील गंधार उतरलेला होता. पुढे पुढे पेटी नसतानाही तुम्ही सर्वजण तो स्वर तसाच उतरलेला गाऊ लागलात. सदोष वाद्य कानही बिघडविते, हे आम्हांस तेव्हा उमगले. आमच्या कोकणी घरी भजनाची पेटी होती. परंतु ती पारखून घेण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. तुम्ही खाऊच्या पैशांतून जमविलेली रक्कम आता आमच्या हाती होती. ती घेऊन, प्रार्थना सांगणाऱ्या दोन मुलींसह आम्ही निपाणीहून बेळगावास गेलो. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी दीर्घकाळ पेटी वाजविली व शिकविली, ते हे शहर.

पेटी पारखण्यापूर्वी तिची रचना ध्यानी घ्यावी. बँडमधील क्लॅरिनेटला बोरूची एकच पातळ जीभ असते. नळीवरील छिद्रांची उघडझाप करून वादक तिच्यातूनच सारे स्वर काढतो. पेटीत मात्र प्रत्येक स्वराला स्वतंत्र पितळी जीभ असते आणि भात्याची हवा तिला कंपित करते. जीभ लांब व जड असेल तर स्वर खर्जाचा, आखूड व हलकी असेल तर टिपेचा. म्हणून एक स्वर नीट लागला, तर दुसराही लागेलच असा भरवसा नसतो.

दुकानातील पहिली पेटी आरशासारखी चकचकीत होती. भाता भरला आणि एकही पट्टी न दाबता हात थांबविला, तोच आतला भाता खाली बसू लागला. हवा कोठून तरी निसटत होती. अशी पेटी वाजविणाऱ्याचा हात दमविते. म्हणून ती बाजूस ठेवली.

दुसरी दिसावयास साधी होती, पण हवा धरून ठेवीत होती. तिची प्रत्येक पट्टी आम्ही प्रथम खर्जाच्या सुरावर, नंतर नराच्या सुरावर व शेवटी दोन्ही मिळून वाजविली. एका पट्टीपाशी धाकटी मुलगी म्हणाली, "सर, हा सूर थरथरतो."

तिचे म्हणणे खरे होते. खर्जाचा सूर सेकंदाला २२० कंपनांचा असेल, तर नराचा नेमका ४४० हवा. तो ४४२ झाला, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो व ओसरतो. कारागिराने ती जीभ मुळाशी किंचित घासली. त्याने स्वर उतरतो. टोकाशी घासल्यास तो चढतो. थरथर थांबली. मग मुलींनी काळी पाचमध्ये प्रार्थना म्हटली आणि त्यानंतरच आम्ही पैसे मोजले.

तरीही एक गोष्ट विसरू नका. पेटीच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. म्हणून तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून तिचा गंधार किंचित चढाच राहतो. पेटीची सोबत अवश्य घ्यावी, परंतु स्वराचा अखेरचा निवाडा आपल्या कानाकडेच ठेवावा. त्या धाकट्या मुलीने तो तसा ठेवला, म्हणूनच आज आपली प्रार्थना सुरात होते.