कहाणी आजीची, चित्र धुरंधरांचे

आमच्या इंदुरात द. दा. देवळालीकरांनी 1927 साली चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकले. अशा गावातली मुले पुस्तकातले चित्र नीट न पाहताच पान उलटतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

पालकांना आम्ही एक पुस्तक सुचवितो. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. 1914 साली निघालेल्या त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ची चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधरांची आहेत. आता ते संगणकावर फुकट पाहावयास मिळते. मजकूर इंग्रजी आहे ही अडचण नव्हे, सोयच म्हणावी! कहाणी आजीने मराठीत सांगावी, मुलाने नुसते चित्र पाहावे. लुगडे कसे नेसले आहे, उजेड कोठून येतो, कोण कोणाकडे पाहते, हे त्याचे त्यालाच सापडू द्यावे. आपण मध्ये बोलू नये. (हेच आम्हां वडीलधाऱ्यांना जड जाते.) मग विचारावे, चित्रकाराने कहाणीतला हाच प्रसंग का बरे निवडला?

एखाद्या सोमवारी खुलभर दुधाची कहाणी सांगून मुलांच्या हाती कागद द्यावा. कोणी राजाच्या हुकुमाने आलेल्या दुधाच्या घागरी काढील, कोणी म्हातारी. चूक कोणाचीच नाही. म्हातारीच्या हातातले भांडे केवढे काढले आहे, तेवढे मात्र पाहावे.