रक्तदान आणि ‘सी’ प्रकारची कावीळ

वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीर या गावाच्या नावातील ‘पीर’ हे पद हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्याचे स्मरण देते. जयंत्या व उत्सवांच्या निमित्ताने रक्तदान शिबिरे भरविण्याची प्रथा अशा तालुक्याच्या गावांतूनही आता चांगली रुजली आहे. शिबिरातील दात्याची समजूत अशी असते की, बाटली भरली, बिस्किटे व चहा झाला, की आपले काम संपले. वास्तविक रक्ताची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शिबिरात जमलेल्या पिशव्या थंड ठेवून परवानाधारक रक्तपेढीत नेल्या जातात. तेथे प्रत्येक दात्याच्या रक्ताची एड्स, ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप या पाच रोगांसाठी तपासणी केल्यावाचून ती पिशवी कोणाही रुग्णाला देता येत नाही.

या पाचांपैकी ‘सी’ कावीळ विशेष फसवी होय. कावीळ म्हटली की पिवळे डोळे व पिवळी लघवी आपल्या नजरेपुढे येते. परंतु या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांना आरंभी असे काहीच होत नाही. लागण झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींच्या शरीरात विषाणू कायमचा ठाण मांडतो आणि वीस-वीस वर्षे यकृत पोखरीत राहतो. माणूस शेतावर जातो, बाजारहाट करतो आणि सद्भावनेने रक्तदानही करतो.

हा विषाणू ओळखण्यास शास्त्रज्ञांना दीर्घकाळ लागला. ‘बी’ विषाणूची चाचणी उपलब्ध झाल्यावरही रक्त घेतलेल्या अनेकांना कावीळ होतच राहिली, हे अमेरिकेतील हार्वे आल्टर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. तेव्हा या रोगाला स्वतःचे नावही नव्हते. ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे, एवढीच त्याची ओळख होती. १९८९ मध्ये मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचा शोध प्रसिद्ध केला. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात मात्र दात्यांच्या रक्ताची ‘सी’साठी तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वी, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार, पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली होती. हा बदल कोणत्याही यंत्राइतकाच मोलाचा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता प्रश्न लवकर निदानाचा. प्रचलित एलायझा चाचणी प्रत्यक्ष विषाणू शोधीत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे तयार होण्यास साधारणतः दोन महिने लागतात. या मधल्या काळाला वैद्यकीय परिभाषेत ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात रक्तात विषाणू असतो, पण चाचणीचे उत्तर ‘नाही’ असे येते. नॅट ही नवी चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचाच माग काढते व हा अवधी काही दिवसांवर आणते. ती खर्चिक आहे, तिला निष्णात तंत्रज्ञ लागतात आणि देशात ती अद्याप सर्वत्र सक्तीची नाही.

थोडे थांबून खात्री करून घ्यावी, असे कोणी सुचवील. परंतु प्लेटलेट्स पाच दिवसांच्या आत वापराव्याच लागतात. शिवाय एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या जातात. म्हणजे एका दात्याची चूक तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. नागपुरात अशाच चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले व त्यांतील एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली. विषाणू वेगळा असला, तरी वाट तीच.

म्हणूनच शिबिरातील प्रश्नावलीकडे उपचार म्हणून पाहू नये. अलीकडे गोंदून घेतले काय, शस्त्रक्रिया झाली काय, कोठे वापरलेल्या सुईने इंजेक्शन घेतले काय, हे प्रश्न चाचणीच्या आंधळ्या काळासाठीच आहेत. शेजारी मित्रमंडळी उभी असताना अशी उत्तरे देणे अवघड जाते, हे खरे. संयोजकांनी त्यासाठी आडोशाची व्यवस्था केली, तर ते हारतुऱ्यांपेक्षा अधिक उपयुक्त ठरेल. आपला निष्कर्ष जाणून घेण्यासाठी मात्र कोणीही रक्तदान करू नये. त्यासाठी रुग्णालयात स्वतंत्र तपासणी होते.

चाचणी सदोष आली, तर ती पिशवी नष्ट केली जाते आणि दात्याला गुप्तता राखून कळविले जाते. एलायझा क्वचित निरोगी व्यक्तीलाही दोषी ठरविते. म्हणून विषाणूची खात्रीची चाचणी करून घेणे अगत्याचे असते. रोग निश्चित झाल्यास घाबरण्याचे कारण नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातील पंचाण्णव रुग्ण बरे होतात. बऱ्या झालेल्या व्यक्तीला पुन्हा रक्तदान मात्र करता येत नाही. २००१ पूर्वी बाळंतपणात, अपघातात वा शस्त्रक्रियेत ज्यांना रक्त चढविले गेले असेल, त्यांनी प्रकृती उत्तम असली तरी ही तपासणी एकदा करून घ्यावी.