किल्ट, धोतर आणि लग्नाचा मांडव

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माणसाची पहिली ओळख कपड्यावरून होते, असे आपण सहज म्हणतो. परंतु एकच वस्त्र एकाच्या अंगावर शोभा ठरते आणि दुसऱ्याच्या अंगावर गावंढळपणा ठरतो, असे का व्हावे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. स्कॉटलंडमधील पुरुषांचा किल्ट आणि आपले धोतर यांना शेजारी ठेवून या प्रश्नाचा थोडा शोध घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शोधासाठी जागा निवडली आहे ती लग्नाच्या मांडवाची. कारण तेथे दोन घरे, कधी दोन भाषाही एकत्र येतात आणि कोण काय नेसून आला आहे हे सारा मांडव पाहत असतो.

किल्ट म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे, चौकटीच्या लोकरी कापडाचे वस्त्र. या चौकटीच्या विणीला टार्टन म्हणतात. आजच्या पूर्ण किल्टला सुमारे ८ वार कापड लागते. तो पुढून सपाट असतो आणि चुण्या मागे असतात. आपल्या धोतराच्या निऱ्या पुढे येतात आणि काष्टा मागे जातो. तरी दोघांचे मूळ एकाच जातीचे आहे. जुना किल्ट शिवलेला नसे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला, म्हणजे हायलँड्समधला माणूस एक लांबलचक कापड पट्ट्याने कमरेला आवळी, उरलेला भाग खांद्यावर घेई आणि रात्री तेच पांघरून झोपे. आपल्याकडील मेंढक्याच्या घोंगडीची येथे आठवण व्हावी. पुढे अठराव्या शतकात खालचा भाग वेगळा झाला, चुण्या शिवल्या गेल्या आणि आजचा किल्ट तयार झाला.

हा पोशाख गरिबाचा होता तोवर त्याला मान नव्हता. १७४५ मध्ये हायलँड्समधील टोळ्यांनी ब्रिटनच्या राजाविरुद्ध बंड केले. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत ते मोडले गेले आणि त्याच वर्षी कायद्याने या पोशाखावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने कैद आणि दुसऱ्या गुन्ह्याला ७ वर्षे हद्दपारी! सरकारी पलटणीतल्या शिपायाला मात्र तोच पोशाख घालण्याची मुभा होती. बंदी उठली ती १७८२ साली.

त्यानंतर अवघ्या ४० वर्षांनी, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि तेथे त्याने स्वतः किल्ट घातला. या समारंभाची मांडणी सुप्रसिद्ध कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी केली होती. राजाने घातला म्हणून सरदारांनी घातला आणि कालचा गुन्हा आजचा राष्ट्रीय पोशाख झाला. परंतु याच काळात हायलँड्समधील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावून लावले जात होते, हे विसरून चालणार नाही. वस्त्राला मान मिळाला, वस्त्र नेसणाऱ्याला मिळाला नाही.

आता एका लग्नाकडे वळू. १० मार्च १८६३ रोजी विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाचा विवाह झाला. वर इंग्लंडचा, वधू डेन्मार्कची. पाहुण्यांत राणीचा प्रशियातील ४ वर्षांचा नातू विल्हेल्म होता, आणि त्या जर्मन मुलाच्या अंगावर होता स्कॉटिश डोंगराळ पोशाख! हाच पुढे जर्मनीचा कैसर झाला. त्याचे मामा आर्थर आणि लिओपोल्ड यांनीही किल्टच घातले होते. चार देश एका लग्नात एकत्र आले. तेथे किल्ट कोणालाही खटकला नाही, कारण तो राजपुत्रांच्या अंगावर होता.

यांतील आर्थर हे पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट झाले. १८८८ मध्ये पुण्यात त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. शहरातील प्रतिष्ठित मंडळी उंची वस्त्रे आणि दागदागिने लेवून आली होती. त्या मेळाव्यात महात्मा जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. येथे जमलेल्या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खेड्यांत जाऊन शेतकऱ्याची दैना पाहा, अशा आशयाचे भाषण त्यांनी राजपुत्रासमोर केले. जोतीरावांचा तो वेष नुसती हौस नव्हती. जे लोक मेजवानीला बोलावले गेले नव्हते, त्यांना त्यांनी आपल्या वेषातून आत नेले. एकाच आर्थरच्या आयुष्यातील हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, की हौसेचा वेष आणि जगण्याचा वेष यांतील अंतर स्पष्ट दिसते.

हे सारे दूरचे वाटेल, म्हणून आपल्या परळीचे उदाहरण देतो. परळी हे वैजनाथाचे क्षेत्र तसेच रेल्वेचे जंक्शनही आहे. एक मार्ग परभणीला जातो, दुसरा विकाराबादकडे तेलंगणात. १९७१ मध्ये येथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि नोकरीनिमित्त अनेक प्रांतांची कुटुंबे आली. त्यामुळे दोन भाषांचे लग्न आपल्याला नवे नाही. अशाच एका लग्नाला मी गेल्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर गेलो होतो. वर मराठी, वधू तेलुगू. दोन्हींकडे अंतरपाटाची चाल असल्याने पडदा एकच धरला. तेलुगू रीतीप्रमाणे वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवला आणि आपल्या रीतीप्रमाणे अक्षता पडल्या.

निमंत्रणात पुरुषांनी 'पारंपरिक वेषात' यावे, असे लिहिले होते. तरुण मंडळींनी इलॅस्टिकची तयार धोतरे घातली होती. त्यांना खिसेही होते. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, वेगळी तयारी करावी लागली नाही. ते रोज धोतरच नेसतात. परंतु दारात फेटे बांधणाऱ्या व्यवस्थेतील मुलाने त्यांच्याकडे पाहून सांगितले, "बाबा, जेवण मागच्या बाजूला आहे, जरा थांबा." तयार धोतरवाल्यांना फेटा मिळाला आणि खरे धोतरवाला बाजूला राहिला! इतक्यात वधूचे आजोबा पुढे आले. त्यांनीही जरीकाठी धोतरच नेसले होते. त्यांनी दादांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवले. दोघांच्या भाषा वेगळ्या, पण दख्खनी हिंदीत त्यांचे पाऊसपाणी, कापूस आणि बैल असे बोलणे चांगले तासभर चालले. घरी येताना दादा एवढेच म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं माझं धोतर नाही बघितलं, नेसणं बघितलं."

दादांच्या या वाक्यात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. परक्याच्या लग्नात आपला पोशाख घालावा का? अवश्य घालावा. एखादा स्कॉटिश पाहुणा उद्या परळीच्या मांडवात किल्ट घालून आला, तर त्याचे स्वागतच करावे. कारण आपल्या घरचे उत्तम वस्त्र नेसून येणे म्हणजे यजमानाचा मान राखणे होय. यजमानांचा पोशाख घालायचा असेल, तर तो नेसायचा कसा आणि तो कोणाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे. मात्र खरी परीक्षा पाहुण्याची नसून यजमानाची असते. ज्या वस्त्राला आपण परंपरा म्हणून गौरवतो, ते रोज नेसणारा माणूस दारात आला असता त्याला आपण कोठे बसवतो, यावर आपले परंपरेचे प्रेम किती खरे आहे हे ठरते.

विद्यार्थी मित्रहो, महाविद्यालयात दरवर्षी 'पारंपरिक दिन' साजरा होतो आणि त्या दिवशी आपण हौसेने धोतर, नऊवारी, फेटा घालतो. त्याच महिन्यात पालक-मेळावाही असतो. त्या मेळाव्याला आपले आईवडील रोजच्या वेषात येतील, तेव्हा त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या मोकळ्या ठेवाव्यात, एवढीच माझी नम्र सूचना आहे.